नवा पॅकेज मॅनेजर लिहायचा की जुनाच सुधारायचा?

पत्र

स. न. वि. वि. आम्ही चौघं मिळून एक लहानसं लिनक्स वितरण, म्हणजे लिनक्सवर आधारलेली तयार संगणकप्रणाली, सांभाळतो. काही शाळा-कॉलेजांच्या संगणक लॅबमध्ये, बहुतेक जुन्या मशीनवर, ते चालतं. चार हजारांच्या आसपास पॅकेजेस आहेत. पॅकेज मॅनेजर, म्हणजे ही सॉफ्टवेअर पॅकेजेस बसवणारा आणि अपग्रेड करणारा प्रोग्राम, आमचा स्वतःचा आहे, पायथन आणि शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेला, अकरा वर्षं जुना. तो आमच्या सरांनी लिहिला. सर आता निवृत्तीला आलेत, पण अजूनही प्रत्येक पॅच, म्हणजे कोडातला बदल, स्वतः तपासतात.

अडचण दुहेरी आहे. पूर्ण अपग्रेड सांगितलं की जुन्या मशीनवर चार-पाच मिनिटं काहीच घडताना दिसत नाही. आणि कधीकधी 'पॅकेजेसमध्ये विरोध आढळला' एवढंच सांगून तो थांबतो. लॅबमधल्या शिक्षकांना त्यातून काही कळत नाही, मग ते आम्हाला फोन करतात.

आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलानं दिवाळीच्या सुट्टीत रस्ट या भाषेत नवा पॅकेज मॅनेजर लिहायला घेतला. तेच उत्तर तो दोन सेकंदांत देतो. त्याचं म्हणणं, जुना कोड टाकून द्या. सरांचं म्हणणं, हा कोड असा का झाला हे याला ठाऊकच नाही. मला दोघंही बरोबर वाटतात. काय करावं? आणि नवं केलंच तर नावही नवं द्यावं का?

– एक मेंटेनर, पुणे

उत्तर

नमस्कार,

माझं मत आधीच सांगते, कारण तुम्हाला पुढच्या बैठकीत काहीतरी ठरवायचं आहे. संपूर्ण पुनर्लेखन आत्ता हाती घेऊ नका. त्या मुलाचं काम मात्र बाजूलाही ठेवू नका. त्यातला डिपेंडन्सी (कोणत्या पॅकेजला दुसरं कोणतं लागतं ते) सोडवणारा भाग, म्हणजे सॉल्व्हर, जुन्या पॅकेज मॅनेजरच्या आत बसवा. आणि या दोन्हींच्या आधी एक काम करा, जे तुमच्या पत्रात कुणीच सुचवलेलं नाही: तुमचा सध्याचा पॅकेज मॅनेजर नेमकी कोणकोणती वचनं पाळतो, ते लिहून काढा.

नवा प्रोटोटाइप दोन सेकंदांत उत्तर देतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण उत्तर तेच आहे, हे कसं पडताळलंत? पॅकेज मॅनेजरचं काम चार टप्प्यांत होतं. रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजांच्या साठ्याची, यादी आणून वाचणं, कोणती पॅकेजेस कोणत्या व्हर्जनची लागतील ते ठरवणं, फाइल्स डिस्कवर उतरवणं, आणि स्क्रिप्ट्स चालवून शेवटी काय घडलं त्याची नोंद ठेवणं. सुट्टीतल्या प्रोटोटाइपनं बहुधा दुसरा टप्पा छान केला असेल, पहिला बऱ्यापैकी, आणि तिसऱ्या-चौथ्याला जेमतेम हात लावला असेल. यात त्याचा दोष नाही, दुसरा टप्पा खरोखरच सर्वांत मजेदार असतो. पण सर ज्याबद्दल बोलतायत ते सगळं तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात आहे.

म्हणून आधी ती चार मिनिटं कुठे जातात ते मोजा. प्रोफायलर, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन, लावा, एखाद्या लॅबमधल्या खऱ्या जुन्या मशीनवर लावा, तुमच्या एसएसडीवाल्या लॅपटॉपवर नको. अनेकदा असं दिसतं की सॉल्व्हर बिचारा काही सेकंदांतच उरकतो आणि बाकीचा वेळ यादी वाचण्यात जातो. फेडोरा या लिनक्स वितरणात तिथला पॅकेज मॅनेजर डीएनएफ वर्षानुवर्षं प्रत्येक पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलची भलीमोठी यादी उतरवून घेत असे, आणि बहुतेक वेळा तिची गरजच नसे. २०२४ मधल्या फेडोरा ४० पासून ती यादी मागितल्याशिवाय उतरवणं बंद केलं. मेटाडेटाचं, म्हणजे पॅकेजांबद्दलच्या माहितीचं, ओझं एकदम घटलं, आणि त्यासाठी कुणी नवी भाषा आणली नाही.

पायथनकडे पाहिलं तर हेच जास्त ठळक दिसतं. यूव्ही हे पायथन पॅकेजेस बसवणारं, रस्टमध्ये लिहिलेलं साधन २०२४ मध्ये आलं आणि त्याचा वेग पाहून लोक चकित झाले. तो वेग रस्टमुळे आहेच, पण फक्त रस्टमुळे नाही. पूर्वी पिप या पायथनच्या नेहमीच्या पॅकेज साधनाला एखाद्या पॅकेजच्या डिपेंडन्सी काय आहेत हे कळायला ते अख्खं पॅकेज उतरवावं लागे, कधी त्यातला सेटअपचा कोड चालवावा लागे. २०२३ पासून पायपीआय, म्हणजे पायथन पॅकेजांचा सार्वजनिक साठा, ही माहिती व्हील, म्हणजे आधीच बांधलेल्या, पॅकेजांसाठी वेगळ्या छोट्या फाइलमध्ये देऊ लागला. त्या बदलाचा फायदा पिपलाही होतो आणि यूव्हीलाही. तुमच्या बाबतीतही रिपॉझिटरीची यादी कशी मांडली आहे ते बघा. यादी एका मोठ्या मजकुराच्या फाइलमध्ये असेल आणि पायथन ती दर वेळी पहिल्या ओळीपासून वाचत असेल, तर चारपैकी तीन मिनिटं तिथेच सापडतील. सर आणि तो मुलगा दोघंही त्यावर एकमतानं काम करू शकतील.

आता सॉल्व्हर. इथे मी तुमच्या तरुण सहकाऱ्याच्या बाजूची आहे. 'या पॅकेजला ते हवं, त्याला अमुक चालत नाही' अशा अटींचा संच पूर्ण होऊ शकतो का, हा प्रश्न गणिती दृष्टीनं अवघड वर्गातला, एनपी-कंप्लीट आहे. युरोपातल्या ईडॉस या संशोधन प्रकल्पानं २००६ च्या सुमारास ते लिनक्स वितरणांच्या संदर्भात दाखवून दिलं. त्याचबरोबर हेही दिसलं की खऱ्या वितरणांमधली उदाहरणं सॅट सॉल्व्हरला, म्हणजे अशा अटींचे संच सोडवणाऱ्या तयार प्रोग्रामला, फारशी जड जात नाहीत. म्हणजे हातानं लिहिलेला, 'आधी हे घे, अडलं तर ते बघ' असा अंदाजपंचे सॉल्व्हर सांभाळत बसण्याची गरज तेव्हापासून उरलेली नाही. तुमच्या सरांनी अकरा वर्षांपूर्वी तसा लिहिला असेल, तर त्या वेळी हाताशी असलेल्या वेळात ते समजण्यासारखं होतं. आज तो बदलायलाच हवा.

कसा बदलावा आणि कसा बदलू नये, याची दोन्ही उदाहरणं एकाच वितरणात सापडतात, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. सुसे लिनक्स १०.१ (पुढच्या आवृत्तीपासून हेच ओपनसुसे) ही आवृत्ती २००६ मध्ये आली. नॉव्हेल या कंपनीनं सुसे विकत घेतलं होतं आणि त्याआधी झिमियन ही कंपनीही घेतली होती. सुसेकडे यास्टचं पॅकेज व्यवस्थापन होतं, झिमियनकडे रेड कार्पेट. दोन्ही एकत्र करून नवी व्यवस्था उभी करायची असं ठरलं, आणि ती प्रकाशनाच्या अगदी तोंडावर आत घातली गेली. ती संथ होती, अडकत होती, कधी अपडेटच लागत नव्हते. लोक इतके वैतागले की पॅकेज व्यवस्थापन दुरुस्त करून त्याच वर्षी १०.१ ची डिस्क पुन्हा काढावी लागली. पण याच वितरणानं २००८ मध्ये, ११.० च्या वेळी, झिपर ही पॅकेज बसवण्याची कमांड आणि त्यामागची लिबझिप ही लायब्ररी जागच्या जागी ठेवून आतला सॉल्व्हर तेवढा बदलला आणि सॅटवर आधारलेला नवा बसवला. वापरणाऱ्याची कमांड तीच राहिली, रिपॉझिटरी तीच राहिली, वेग मात्र पार बदलला. तो सॉल्व्हर पुढे लिबसॉल्व्ह या नावानं स्वतंत्र लायब्ररी झाला आणि फेडोराच्या डीएनएफनंही तोच घेतला. २००६ मध्ये एकाच वेळी सगळं हललं होतं. २००८ मध्ये एकच भाग हलला, आणि बिघडला असता तर कुठे बिघडला हे माहीत असतं.

कोंडा या पॅकेज मॅनेजरचंही असंच झालं. त्याचा सॉल्व्हर इतका मंद होता की लोकांनी सी++ मध्ये माम्बा हे वेगळं साधन लिहिलं, तेही लिबसॉल्व्हवर. काही वर्षं दोन्ही शेजारी-शेजारी चालली, आणि २०२३ मध्ये माम्बाचाच सॉल्व्हर कोंडामध्ये मूळ पर्याय (काही न निवडता आपोआप वापरला जाणारा) म्हणून आला. माम्बा लिहिणाऱ्यांचं काम वाया गेलं नाही, ते कोंडा वापरणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचलं. तुमच्या त्या मुलाला हे जरूर सांगा. त्याला वाटत असेल की सगळं नवं स्वीकारलं तरच त्याच्या कामाचा मान राखला जाईल. तसं नाही.

एक तांत्रिक सूचना. त्यानं सॉल्व्हर स्वतः हातानं लिहिला असेल, तर तो ठेवायचा की तयार लायब्ररी घ्यायची हे नीट बघा. नाताली वायझेनबॉम यांनी डार्ट या भाषेच्या पब या पॅकेज मॅनेजरसाठी २०१८ मध्ये मांडलेली पबग्रब ही पद्धत आता यूव्ही आणि रुबी भाषेच्या बंडलरमध्येही आहे. उत्तर निघत नसेल तर ते का निघत नाही, हे ती पायरीपायरीनं माणसाच्या भाषेत सांगते. तुमच्या शिक्षकांना नेमकं हेच हवं आहे. मात्र ती मुळात 'एक पॅकेज, अनेक व्हर्जन' अशा जगासाठी घडली आहे. वितरणात बहुधा उलटं असतं: व्हर्जन एकच, पण एकाच गोष्टीची हमी देणारी पॅकेजेस अनेक, शिवाय परस्परांशी न जुळणारी पॅकेजेस आणि एकाच जागी येणाऱ्या फाइल्स. त्यामुळे तुमच्यासाठी माझा कल लिबसॉल्व्हकडे आहे. त्यातूनही अडचणीची कारणं मिळतात, ती नीट मराठीत मांडण्याचं काम तुम्हाला करावं लागेल. आणि ते काम वेगापेक्षा आधी करा. चार मिनिटं थांबणारा शिक्षक चहा पिऊन येतो, पण 'विरोध आढळला' वाचणाऱ्या शिक्षकाचा त्या दिवसाचा तास बुडतो.

आता सरांकडे येते.

तुमची मशीन शाळांच्या लॅबमध्ये आहेत. तिथे वीज जाते. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी कधीच संपलेली असते. म्हणजे अपग्रेड चालू असताना मशीन मध्येच बंद पडणं हा तुमच्याकडे अपवाद नाही, ती नेहमीची गोष्ट आहे. डेबियन या वितरणाच्या डीपीकेजी या पॅकेज साधनात पॅकेजच्या अवस्था पाहिल्यात? नुसतं 'आहे' किंवा 'नाही' असं नसतं. अर्धवट उतरलेलं, उतरलेलं पण जुळवणी बाकी असलेलं, जुळवणी अर्ध्यात अडलेलं, अशा वेगवेगळ्या अवस्था असतात, आणि प्रत्येकीतून पुढे कसं जायचं किंवा मागे कसं फिरायचं हे ठरलेलं असतं. पॅकेजच्या स्क्रिप्ट्सनाही कळवलं जातं की हे नेहमीचं काढणं नाही, फसलेल्या अपग्रेडमधून परतणं आहे. हे कुणी एका बैठकीत आखलं नाही. एकेका फसलेल्या मशीननं ते शिकवलं.

त्यातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचं आहे. डीपीकेजी नवी फाइल आधी तात्पुरत्या नावानं लिहितो आणि मग जुन्या फाइलच्या जागी तिचं नाव बदलतो, म्हणजे मध्येच काही झालं तर जुनी किंवा नवी, एक तरी फाइल शाबूत राहील. ईएक्सटी४ मात्र मजकूर डिस्कवर लिहायला उशीर करू शकत होती. नाव बदललं, मजकूर अजून पोचला नाही, आणि वीज गेली. मशीन चालू केल्यावर फाइल जागेवर, आत शून्य बाइट. म्हणून २०१० च्या सुमारास डीपीकेजीत नाव बदलण्याआधी मजकूर सक्तीनं डिस्कवर पोचवणारा कोड आला. त्यानं इन्स्टॉल मंद झालं, तक्रारी आल्या, मग तेच काम थोडं हुशारीनं करण्यासाठी आणखी बदल झाले. आज तो भाग वाचणाऱ्याला वाटेल, कशाला एवढी कसरत, दोन ओळींचं काम आहे. त्या दोन ओळी लिहिल्या की प्रोटोटाइप वेगवान दिसतो, आणि पहिल्या पावसाळ्यात लॅबच्या लॅब बंद पडतात.

तेव्हा सर म्हणतात ते खरं आहे. पण एक गोष्ट त्यांनाही प्रेमानं सांगायला हवी. ते ज्ञान फक्त त्यांच्या डोक्यात आणि न समजणाऱ्या कोडात असेल, तर ते निवृत्त झाल्यावर जुना कोडही तुमच्यासाठी तितकाच परका होईल. सर थांबायच्या आधी ते ज्ञान कागदावर यायला हवं.

इथेच जेंटू या वितरणाची गोष्ट तुमच्या कामाची आहे. जेंटूचा पॅकेज मॅनेजर पोर्टेज, पायथन आणि बॅशमध्ये लिहिलेला. कोड गुंतागुंतीचा झाला होता, आणि त्याला पर्याय म्हणून सी++ मधला पालुडिस आणि पायथनमधलाच पीकेजीकोर हे दोन नवे प्रकल्प उभे राहिले. त्यावरून भरपूर वाद झाले, कडवटपणाही आला. पण त्या वादात एक प्रश्न टाळता येईना: ईबिल्ड, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल, तिचा अर्थ कुठे लिहिला आहे? कुठेच नाही. पोर्टेज जे करेल तोच अर्थ. मग पॅकेज मॅनेजर स्पेसिफिकेशन हा दस्तऐवज लिहिला गेला. पालुडिसच्या मंडळींचा त्यात मोठा वाटा होता. प्रत्येक ईबिल्डनं आपण नियमांच्या कोणत्या आवृत्तीनुसार लिहिलेलो आहोत हे वर सांगायचं, त्या आवृत्तीला ईएपीआय म्हणतात. नवी सोय हवी असेल तर नवा ईएपीआय, जुन्या ईबिल्ड जुन्या नियमांनी चालत राहतात. ईएपीआय ८ हा २०२१ मध्ये आला. पोर्टेज आजही जेंटूचा अधिकृत पॅकेज मॅनेजर आहे, त्याची जागा पालुडिसनं घेतली नाही. पण पुनर्लेखनाच्या त्या प्रयत्नातून तयार झालेल्या नियमांमुळे पोर्टेजला स्वतःत बदल करणं शक्य झालं. कोणता बदल सुरक्षित आणि कोणता नाही, हे ठरवायला आता कोडाबाहेर काहीतरी होतं.

तुम्हीही तसं करा. पन्नास पानांचा ग्रंथ नको, वीस पानं पुरतील. व्हर्जनची तुलना कशी होते, १.१० हे १.९ पेक्षा मोठं का, आणि आरसी (अंतिम प्रकाशनाआधीचं) असलेलं व्हर्जन आधी की नंतर. 'हवं', 'चालत नाही', 'याच्याऐवजी मी' या नात्यांचा नेमका अर्थ. स्क्रिप्ट्स कोणत्या क्रमानं चालतात आणि मधली एक फसली तर काय. शिक्षकानं हातानं बदललेली कॉन्फिगरेशन फाइल अपग्रेडमध्ये टिकते की पुसली जाते. मशीनवरची नोंद कुठे आणि कशी ठेवली जाते. आणि एक गोष्ट जी लोक हमखास विसरतात: तुमच्या कमांडचं आउटपुट कोणकोणत्या लॅबच्या स्क्रिप्ट्स वाचतात. कुणीतरी कुठेतरी ग्रेप, म्हणजे आउटपुटमधून ठरावीक शब्द शोधणारी कमांड, लावून ठेवलेलं असतंच. हे लिहिण्याचं काम त्या मुलाला द्या, आणि सरांना विचारून लिहायला सांगा. उलट नको. सरांनी लिहिलं तर जे त्यांना उघड वाटतं ते गळेल.

मग पडताळणी. जितक्या लॅबमधून मिळतील तितक्या मशीनच्या स्थापित पॅकेजांच्या याद्या परवानगीनं गोळा करा. प्रत्येक यादीवर जुना आणि नवा, दोन्ही सॉल्व्हर चालवा, प्रत्यक्ष काही न बदलता, आणि उत्तरं जिथे वेगळी येतात ती ठिकाणं बाजूला काढा. त्यातल्या काहींमध्ये नव्याची चूक निघेल, काहींमध्ये जुन्याची. सर आणि तो मुलगा, दोघांनाही त्या फरकांसमोर शेजारी बसवा.

जुन्याची चूक जिथे निघेल, तिथे जास्त सांभाळून राहा. पिपनं याचा मोठा अनुभव घेतला आहे. पिपचा जुना सॉल्व्हर एखाद्या पॅकेजची पहिली अट सापडली की तीच धरायचा आणि नंतर आलेल्या विरोधी अटीकडे दुर्लक्ष करायचा. म्हणजे परस्परांशी न जुळणारी पॅकेजेस बिनबोभाट बसवायचा, आणि लोकांचं काम चालूनही जायचं. नव्या सॉल्व्हरसाठी मोझिला आणि चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्ह यांनी निधी दिला. तो २०२० मध्ये पिप २०.२ मध्ये हवा असल्यास निवडण्यापुरता आला, आणि नोव्हेंबरातल्या २०.३ मध्ये मूळ पर्याय झाला. त्याबरोबर जुन्याकडे परत जायची सोयही ठेवली होती. तरीही कित्येकांचं 'कालपर्यंत चालत होतं' ते बंद पडलं, कारण नवा सॉल्व्हर अशक्य गोष्टीला अशक्य म्हणत होता. शिवाय अचूक उत्तर शोधताना तो एकाच पॅकेजची एकामागून एक जुनी व्हर्जन उतरवून बघायचा, त्यामुळे काहींना तो आधीपेक्षा मंद वाटला. पिपच्या लोकांनी वापरणाऱ्यांशी बोलून, त्यांच्या अडचणी समजून घेऊन हे सगळं केलं होतं, तरी इतकं झालं. तुमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. म्हणून नवा सॉल्व्हर आधी फक्त विचारल्यावर चालणारा पर्याय ठेवा, डेबियनच्या एपीटी या पॅकेज मॅनेजरनं आपला नवा सॉल्व्हर ३.० तसाच आणला. मग दोन-तीन तयार शिक्षकांच्या लॅबमध्ये मूळ पर्याय करा. सगळीकडे तो शालेय वर्षाच्या शेवटी, मेच्या सुट्टीत. परीक्षेच्या आधी तर अजिबात नको.

मग संपूर्ण पुनर्लेखन कधीच करू नये का? करावं, जेव्हा आजार सॉल्व्हरमध्ये नसून मुळातल्या रचनेत असतो. फ्रीबीएसडी या संगणकप्रणालीची जुनी पॅकेज साधनं साध्या फाइल्समध्ये नोंद ठेवत, आणि बायनरी पॅकेजेसचं अपग्रेड नीट करणं त्यांना जमतच नव्हतं. लोक बाहेरच्या साधनांवर अवलंबून होते. ते ठिगळ लावून सुटण्यासारखं नव्हतं. म्हणून पीकेजी नव्यानं लिहिला गेला, नोंदींसाठी एसक्यूलाइट हा डेटाबेस घेऊन. २०१२ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. तो जुन्याशेजारी, ज्याला हवा त्याच्यासाठी, उपलब्ध राहिला. जुन्या नोंदी नव्यात आणणारं वेगळं साधन दिलं. जानेवारी २०१४ मधल्या फ्रीबीएसडी १० मध्ये तो मूळ पर्याय झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जुन्या साधनांचा आधार काढून घेतला. जाण्याची वाट आधी बांधली, मगच जुना पूल पाडला.

फेडोरात डीएनएफच्या आधी असलेल्या यमचंही तसंच. त्याचा एपीआय, म्हणजे बाहेरच्या कोडानं त्याला कसं वापरायचं ते, कुठे लिहिलेला नव्हता, प्लगइनवाल्यांनी आतल्या फंक्शनांना थेट हात घातला होता, त्यामुळे आतलं काही हलवताच येत नव्हतं. डीएनएफ वेगळा करणं रास्त होतं. पण वेळ बघा: २०१३ च्या सुरुवातीला फेडोरा १८ मध्ये तो पहिल्यांदा दिसला, २०१५ मध्ये फेडोरा २२ मध्ये मूळ पर्याय झाला, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये यायला २०१९ उजाडलं. पगारी माणसं असलेल्या संस्थेला इतकी वर्षं लागली. पुढचा डीएनएफ५ फेडोरा ३९ साठी ठरला होता, तो फेडोरा ४१ मध्ये, २०२४ साली आला.

तुम्ही चौघं आहात. चौघांपैकी रस्ट येणारा बहुधा एकच. त्याला उद्या बंगळुरूला नोकरी लागली, तर त्याचं अभिनंदनच करायला हवं, पण त्याचा कोड कोण तपासणार? नवा सॉल्व्हर रस्टमध्येच घ्यायचा असेल तर आणखी एकानं तरी त्यात पॅच तपासण्याइतकं रस्ट शिकायला हवं, आणि ते शिकून होईपर्यंत तो मूळ पर्याय करू नये. लिबसॉल्व्ह घेतलंत तर हा प्रश्न बराच हलका होतो, ती सी लायब्ररी आहे आणि तिला पायथनमधून वापरायची सोय आहे.

आणि एक तिसरी वाट, जी तुमच्यात कुणी उच्चारलेली दिसत नाही. स्वतःचा पॅकेज मॅनेजर असायलाच हवा का? राउटरसाठीचं ओपनडब्ल्यूआरटी हे वितरण वर्षानुवर्षं ओपीकेजी हा पॅकेज मॅनेजर वापरत होतं, त्याची देखभाल त्यांनाच करावी लागत होती. २०२४ च्या अखेरीस त्यांनी विकासशाखेत अल्पाइन या दुसऱ्या वितरणाचा एपीके घेतला. चार हजार पॅकेजेसचं स्वरूप बदलावं लागेल, म्हणून हे तुमच्यासाठी लहान काम नाही, आणि सरांना ते पुनर्लेखनापेक्षाही जास्त लागेल. तरी नियमांचा दस्तऐवज तयार झाल्यावर हा प्रश्न एकदा प्रामाणिकपणे टेबलावर ठेवा. वीस पानं वाचून जर दिसलं की तुमच्या गरजांत वेगळं असं काहीच नाही, तर हातातली वर्षं पॅकेज मॅनेजरवर घालवण्यापेक्षा मराठी फॉन्ट, शाळेची सॉफ्टवेअर आणि शिक्षकांचे फोन यांवर घालवावीत असं मला मनापासून वाटतं.

सरांशी बोलताना त्या मुलाला सोबत न्या, पण आकडे तुम्ही मांडा. प्रोफायलरचे आकडे एकट्या तरुणानं मांडले की ते सरांना आरोपासारखे वाटतील. आणि सरांकडे एक गोष्ट स्पष्ट मागा: पुढच्या वर्षभरात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या प्रत्येक विचित्र दिसणाऱ्या ओळीशेजारी, ती कोणत्या प्रसंगामुळे आली ते टिप्पणीत लिहायचं. ते हे आनंदानं करतील, असा माझा अंदाज आहे. त्यांना कुणी विचारलंच नसेल.

नावाबद्दल. बदलू नका. तुमची कमांड शिक्षकांच्या वहीत लिहिलेली आहे, लॅबच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर आहे, कुणाच्या तरी ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्रॉन जॉबमध्ये आहे. रेड हॅटनंही डीएनएफवर गेल्यावर यम ही कमांड चालू ठेवली, ती आतून डीएनएफलाच बोलावते. मोठा बदल झाला हे सांगायला आवृत्तीचा मोठा आकडा पुरेसा आहे. आणि बदलांच्या नोंदीत त्या मुलाचं आणि सरांचं, दोघांची नावं त्याच आवृत्तीखाली लिहा.